पायी की गाडीतून

"पायी? त्या म्हाताऱ्या बाईला तू पायी नेणार?"

"ती चल म्हणाली तर नेणार."

"तिच्या लेकीनं लुसाकाहून गाडीची सफारी ठरवलीय, डोरिका! सकाळी गाडी, संध्याकाळी गाडी, मधल्या वेळात जेवण आणि झोप. विमानतळावरून इथं येईपर्यंत तू तिच्या डोक्यात भरलंस तरी काय?"

"भरलं काही नाही. विचारलं फक्त."

"काय विचारलंस?"

"मयताच्या घरी गेल्यावर तुम्ही काय करता, एवढंच."

कांग्वानं डोक्यावरची टोपी काढली आणि स्वयंपाकघराच्या पाठीमागच्या पाण्याच्या पिंपावर आपटली. "ऐका! माणूस सुट्टीला आलंय, जनावरं बघायला आलंय, आणि ही बया त्याला मयताचं विचारते. उंदीर खाऊन खाऊन तुम्हा न्गोनींचा मेंदू बिळात जाऊन बसलाय."

"आणि तुम्हा बेंबांचा माकडं खाऊन झाडावर. खालून हाका मारल्या तरी उतरत नाही."

मी तिथंच केटल्या घासत होते. हसले नाही, कारण हे रोजचंच होतं. न्गोनी आणि बेंबा आमच्या देशात फार पूर्वी एकमेकांशी लढले, आणि लढून दमल्यावर त्यांच्यात थट्टेचं नातं लागलं. समोरच्याला काहीही बोला, त्याच्या आजोबांना बोला, तिरडीवर असला तरी बोला. त्यानं राग धरायचा नाही, आणि उत्तर दिल्याशिवाय राहायचंही नाही. कांग्वा आमच्या कॅम्पचा मॅनेजर, कासामाकडचा बेंबा. डोरिका जेरे चिपाटाकडची न्गोनी. त्यामुळे आमच्या कॅम्पात हुकूम, तक्रारी आणि चौकशा सगळं शिव्यांच्या गाडीत बसूनच यायचं. आम्ही बाकीचे कुंडा लोक, या नदीकाठचे. आम्ही फुकटचे प्रेक्षक.

पण त्या दिवशी कांग्वानं टोपी उचलली, झटकली, पुन्हा घातली आणि आवाज खाली आणला.

"खरं सांग. हे तू तिच्यासाठी निवडलंस की स्वतःसाठी?"

डोरिका पिंपाभोवती फेऱ्या घालत होती. ती थांबली. मग पुन्हा चालायला लागली. "तुझ्या आजीसाठी निवडलं," ती म्हणाली, पण उशिरा म्हणाली. थट्टेत उशीर झाला की तो ऐकू येतो.

कांग्वाचा प्रश्न वावगा नव्हता. मागच्या हंगामापर्यंत डोरिका पायी सफारीची गाईड होती. आमच्या खोऱ्यात पायी निघायची एक रीत आहे. सगळ्यात पुढं बंदूकवाला, त्याच्या मागं गाईड, मग पाहुणे, आणि सगळ्यात शेवटी चहाची टोपली घेतलेली मी. बंदूक पुढं असते ती न उडण्यासाठी. ती उडाली म्हणजे वारा, पायठसे, झुडपातला आवाज यांपैकी काहीतरी गाईडनं चुकीचं वाचलं, असा त्याचा सरळ अर्थ. मागच्या वर्षी एक एकटा रानरेडा काट्यांतून सरळ आमच्यावर आला आणि बंदूकवाल्या बाम्बो योतामुंना (बाम्बो म्हणजे बाबा, आम्ही सगळे त्यांना तसंच म्हणतो) गोळी घालावी लागली. पाहुण्यांना खरचटलंसुद्धा नाही. रेडा मात्र मेला, आणि त्याच्याबरोबर डोरिकाचं चालणंही. तेव्हापासून ती गाडी चालवायची. विमानतळावरून पाहुणे आणायचे, त्यांना गाडीतून सिंह दाखवायचे, परत नेऊन सोडायचे.

"गाडीत बसलं की माझे पाय मला शिव्या देतात," ती मला सांगायची.

खरं तर बसणं हे तिचं कामच नव्हे. ती मक्याच्या उकडीचा नशिमासुद्धा उभ्यानं खाते. चर्चमध्ये दाराला टेकून उभी राहते. तिच्या घरी खुर्च्या आहेत, त्यांवर कोंबड्या बसतात. नवऱ्यानं एकदा वैतागून विचारलं होतं, "तू लग्नात तरी बसली होतीस का गं?" त्यावर ती म्हणाली होती, "बसले असते तर विचार करायला वेळ मिळाला असता."

तर या वर्षी पायी सफारीचा गाईड मध्येच दुसऱ्या कॅम्पला गेला. जागा रिकामी झाली. लुसाकाच्या मालकांनी नवा माणूस पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणून कळवलं. तेव्हा कांग्वानंच डोरिकाला, अर्थातच तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करून, सांगितलं होतं की या आठवड्यात कुणी पाहुणा तिच्याबरोबर पायी गेला आणि गोळी न सुटता, तक्रार न होता परत आला, तर तो तिचं नाव वर धाडेल. नाहीतर जागा गेली. आणि या आठवड्यात पाहुणे होते दोनच: किटवेहून आलेल्या बाना कासोंदे, म्हणजे कासोंदेची आई, आणि त्यांची लेक कासोंदे.

आता मयताचं. लोकांना हे विचित्र वाटतं, पण पाहुण्याला कुठली सफारी मानवेल हे डोरिका असंच ठरवायची. "कुठली जनावरं बघायचीत, असं विचारलं तर सगळे सिंह म्हणतात," ती म्हणायची. "सिंहावरून माणूस कळत नाही. मयतावरून कळतं." जी माणसं मयताच्या घरी आत जाऊन चटईवर बसतात आणि न बोलता बसूनच राहतात, त्यांना ती नदीकाठच्या गवती आडोशात बसवायची. पाण्यावर जो येईल तो येईल. जी माणसं सगळ्यांचे हात हातात घेऊन, चार शब्द बोलून, काळोख पडायच्या आत निघतात, त्यांना गाडी. खूप दिसतं आणि कुणापाशी थांबावं लागत नाही. जी स्वतः येत नाहीत, नुसते पैसे पाठवतात, त्यांना पोहण्याच्या तलावाचं लॉज. आणि जी माणसं आल्या आल्या बाह्या सरसावून लाकडं आणायला, पाणी भरायला उठतात, त्यांना पायी.

चुकायचीही. डेन्मार्कचं एक नवं जोडपं होतं, त्यांना तिनं आडोशात बसवलं. दुसऱ्या दिवशी दोघं एकमेकांशी बोलेनात. नंतर कळलं, मयताच्या घरी दोघं कधी गेलेच नव्हते. मनानंच उत्तर दिलं होतं.

बाना कासोंदेंनी मात्र लगेच उत्तर दिलं होतं. "मी? मी आधी भांडी बघते. कुणी घासायला घेतली नसली तर मी घेते. रडणाऱ्या खूप असतात."

झालं. डोरिकानं गाडीतच ठरवून टाकलं.

दुपारी मी चहा घेऊन गेले तेव्हा व्हरांड्यात मायलेकींचं चाललंच होतं.

"आई, तिथं काठी घेऊन हिंडायचं वय आहे का तुझं?"

"काठी कशाला? पाय आहेत मला."

"सिंह असतात तिथं!"

"मग आलोय कशाला आपण? सिंह नसलेली जागा किटवेला होतीच की." बाना कासोंदे या शाळेच्या मोठ्या बाई होत्या, निवृत्त झालेल्या. बोलताना अजून समोर वर्ग असल्यासारख्या बोलायच्या. "गाडीतून काचेआडून बघायचं तर घरी टीव्ही आहे. लहानपणी मी रानातून चालत शाळेत जायचे. वाटेत हत्तींची लीद लागायची, आम्ही गरम आहे का ते पायानं बघायचो. हत्ती काही कधी बघितला नाही. लीद तेवढी बघितली. एकदा तरी त्याच्या पुढच्या बाजूनं भेटू दे."

डोरिका व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होती. हसून म्हणाली, "हत्तींना आधी विचारून घ्यावं लागेल. बेंबा दिसला की घरातली पोरं लपवतात ते."

"आणि न्गोनी दिसला की?"

"न्गोनी दिसला की वाट सोडतात. ओळख आहे जुनी."

"ओळख कसली! तुमच्या ढाली हत्तीच्या कानाएवढ्या असतात, तो आपला माणूस समजून फसतो."

बाना कासोंदे खळखळून हसल्या. त्यांची लेक हसली नाही. ती लुसाकाच्या एका बँकेत होती, मुद्द्याचं बोलायची. "डोरिका, मला एक सांगा. हिला जमेल का? मस्करी नको."

"उद्या सकाळी तळ्यापर्यंत जाऊन येऊ," डोरिका म्हणाली. "जवळच आहे. जमलं तर परवापासून कॅम्प ते कॅम्प पायी. नाही जमलं तर गाडी आहेच." असं म्हणताना ती खांबावर बोटं वाजवत होती. मला वाटतं तिला तेव्हाच निघायचं होतं.

सकाळी थंडी होती, आमच्या हिवाळ्यातल्या ऑगस्टची, नाकाच्या शेंड्याला चावणारी. डोरिकानं राखेची पुरचुंडी झटकून वारा बघितला आणि आम्ही निघालो. पुढं बाम्बो योतामु, खांद्यावर बंदूक. मग डोरिका. तिच्याकडे मागून बघताना मला वाटलं, वर्षभर हिच्या अंगावर दुसऱ्याचे कपडे होते आणि आज तिनं स्वतःचे घातलेत. पाय कुठं टाकायचा ते पायालाच ठाऊक. मध्येच हात वर, की सगळे थांबले. हात खाली, की चालू. एका ठिकाणी तिनं बाना कासोंदेंना वाकायला लावून वाळूत बिबट्याचा ठसा दाखवला. बाईंनी त्यात चार बोटं ठेवली आणि हात उचलेनात.

"आई, चल," कासोंदे मागून कुजबुजली.

"थांब गं. तो आत्ताच इथून गेलाय. अजून गेला नाहीसा वाटतोय."

तळ्याकाठी मी आग पेटवून चहा केला. कासोंदेनंसुद्धा दोन कप घेतले. पाणघोडे फुरफुरत होते. ती एकदाच म्हणाली, "बरं आहे हे," आणि लगेच तोंड मिटून बसली, जणू काही कबूल करून बसली. डोरिका उभीच होती. तिचा चेहरा इतका उजळला होता की मी मान वळवली. दुसऱ्याचा असा आनंद बघत राहणं बरं नसतं.

परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं.

"अगं न्गोनी," बाना कासोंदे म्हणाल्या, हळू आवाजात, चालताना बोलायचं तसं. "माझा पाय आता चालायचा नाही म्हणतोय. तुमच्यात म्हाताऱ्यांना ढालीवर घालून नेतात ना?"

"नेतात. पण बेंबांना नाही. बेंबांना झाडाखाली सोडलं की आपापलं वरच्या वर घरी जातात."

बाई हसल्या. थोडं गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "पाय खरंच तिथं मागं राहिला बघ. त्या आबनुसाच्या झाडापाशी."

"राहू दे. तरस उचलेल, चव बघेल आणि आणून परत देईल."

पुन्हा हसल्या. पण मी शेवटी चालत होते, मला त्यांचा डावा पाय दिसत होता. तो वाळूत रेघ ओढत होता. मी टाळूला जीभ लावून टक् केलं. आमच्या ओळीत टक् केलं की थांबायचं. पण आम्ही कोरड्या ओढ्यात उतरत होतो, वाळू सरसरत होती. माझं टक् त्या सरसरीत बुडालं.

ओढ्याच्या मध्यावर बाना कासोंदे म्हणाल्या, "डोरिका."

नुसतं नाव. पुढं काही नाही.

आणि डोरिका पुढं बघत, चालत, हसत म्हणाली, "ऐकतेय! बोला की पुढचं!" थट्टेची शेपटी यायची होती ना अजून.

मागून शेपटी आली नाही. बाई वाळूत बसल्या. बसल्या म्हणजे खाली गेल्या. डावा पाय पुढं पसरला, जणू तो कुणा दुसऱ्याचा.

"आई!" कासोंदे गुडघ्यांवर आली. "काय झालं? कंबर? पुन्हा कंबर? पुन्हा सुन्न पडलाय? तू म्हणालीस बरी आहेस!"

डोरिका वळली. तिनं बाईंचा चेहरा बघितला, आणि तिच्या तोंडावरचं हसू जायला फार वेळ लागला. त्याच क्षणी बाम्बो योतामुंनी हात वर केला.

समोरच्या काठावर हत्ती होते. माद्या आणि पिल्लं. वाळूखालच्या पाण्यासाठी उतरत होत्या.

मागच्या काठावर परत चढून त्या आबनुसामागं जायला हवं होतं. बाई धडधाकट असत्या तर गेलो असतो. बाई उठेनात. बाम्बो योतामुंनी बंदूक खांद्याला लावली. डोरिकानं राखेची पुरचुंडी झटकली. राख आमच्या तोंडावर उडाली. वारा हत्तींकडून आमच्याकडे होता, म्हणजे आमचा वास त्यांना लागत नव्हता. तिनं योतामुंच्या नळीवर तळहात ठेवला, हळूच खाली दाबला, आणि स्वतः बाईंच्या शेजारी वाळूत बसली. आम्ही सगळे बसलो.

हत्तिणी सोंडेनं खड्डे करायला लागल्या. वाळूचे ढीग, फुत्कार, पिल्लांची ढकलाढकली. एक मोठी हत्तीण आमच्याकडे वळली, कान पसरून उभी राहिली. कासोंदेनं माझा दंड धरला होता, नखं रुतली होती. मला काही वाटत नव्हतं. मी डोरिकाच्या पायाकडे बघत होते. तो थरथरत होता. भीतीनं नाही, मी ओळखते भीती. बसून राहावं लागत होतं म्हणून. टाच वाळूत खुपसायची, पुन्हा बाहेर काढायची, पुन्हा खुपसायची. तेव्हा बाना कासोंदेंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो दाबून धरला, शाळेत चुळबुळ्या पोरीला धरावं तसा.

"हत्तीला पुढून बघितलं," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. मग तितक्याच हळू, "मस्करी कुठं संपते ते तुला कळत नाही गं."

डोरिकाची टाच वाळूतच राहिली.

हत्तीण वळली. पाणी पिऊन झाल्यावर सगळी ओढ्याच्या वरच्या अंगानं निघून गेली. बाईंच्या पायात पुन्हा मुंग्या आल्या, मग जीव आला. त्या उठल्या, माझ्या आणि योतामुंच्या खांद्यावर हात टाकून चालल्या. डोरिका पुढं होती. वाटेत एकही शब्द झाला नाही.

जेवणाच्या मांडवात मात्र सगळे शब्द एकदम आले.

"तीनदा सांगितलं आईनं तुम्हाला! तीनदा!" कासोंदे उभी होती. समोरच्या नशिमाला हात लागला नव्हता.

"मला वाटलं थट्टा आहे," डोरिका म्हणाली.

"थट्टाच होती. आणि खरंही होतं. दोन्ही असतं! आम्ही बेंबा बायका खरं बोलायचं झालं तरी असंच बोलतो, एवढी वर्षं आमच्याशी थट्टेचं नातं आहे तुमचं, ठाऊक नाही?"

"मी लपवत होते, कासोंदे," बाना कासोंदे म्हणाल्या. त्यांनी मासळीचा घास घेतला. "कंबरेचं सांगितलं असतं तर ह्यांनी गाडीतून खाली उतरू दिलं असतं का? त्या पोरीला कशाला बोलतेस?"

"पोरगी नाहीये ती. गाईड आहे ती."

कांग्वा टोपी हातात फिरवत होता. थट्टा कुठं करावी ते त्याला सुचत नव्हतं. "बाम्बो योतामु सांगतात गोळी सुटली नाही," तो म्हणाला. "मला एवढंच बघायचंय. तक्रार आहे का कुणाची?"

"आहे," कासोंदे म्हणाली.

"नाही," तिची आई म्हणाली. "तक्रार माझी असायला हवी, पाय माझा होता. माझी नाही. उद्यापासून मी कॅम्प ते कॅम्प जाणार. सावकाश जाऊ. दुखलं की मी स्वच्छ शब्दांत सांगेन, काय?"

"आई, तू उद्यापासून गाडीत बसणार आहेस."

"मी मेल्यावर बसेन गाडीत. तेव्हा न विचारता बसवा."

कांग्वानं नाइलाजानं डोरिकाकडे बघितलं. "अगं, तुझंच काम आहे ना हे? पाहुण्याला काय मानवेल ते तूच सांगतेस. सांग. पायी म्हणालीस तर आज संध्याकाळीच तुझं नाव वर धाडतो, यांची तक्रार मी बघून घेईन. गाडी म्हणालीस तर नवा माणूस येतोच आहे."

बाना कासोंदेंनी हात धुतले, कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेच्या पदराला पुसले आणि डोरिकाकडे वळल्या. आता त्या हसत नव्हत्या.

"सांग, न्गोनी. मयताच्या घरी मी भांडी घासते हे तुला माहीत आहे. माझी कंबर घासून घासूनच गेलीय, हे मी सांगितलं नव्हतं. आता दोन्ही माहीत आहे. तर माझ्यासाठी सांग. तुझ्यासाठी नको."

स्वयंपाकघरात कुणीतरी पातेलं घासत होतं, तेवढाच आवाज. डोरिका टेबलाच्या टोकाशी उभी होती. तिनं एकदा बाईंकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांकडे नाही, टेबलाखाली पसरलेल्या डाव्या पायाकडे. मग कासोंदेकडे. तिनं तोंड उघडलं. मला वाटलं, पायी म्हणेल. मला वाटलं, गाडी म्हणेल. खरं सांगायचं तर तिनं काय म्हणावं असं मला वाटत होतं, तेच मला कळत नव्हतं.

तिनं तोंड मिटलं. टेबलावरचा हात उचलला, वळली आणि मांडवाबाहेर पडली.

"ए!" कांग्वा ओरडला. त्याचा आवाज मध्येच चिरकला, पण त्यानं तो सावरला, थट्टेत आणला. "पळ, पळ! तुमचे आजोबा असेच दक्षिणेकडून पळत पळत इथवर आले, तू पळून कुठं जाणार? इथून उत्तरेला आता आम्ही बेंबाच आहोत!"

आम्ही सगळे वाट बघत राहिलो. बाम्बो योतामुसुद्धा दाराकडे बघत होते. बेंबा असं बोलला आणि डोरिका जेरे गप्प राहिली, असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

बाहेर वाळक्या पानांवर तिची पावलं वाजत होती. ती लांब लांब जात राहिली.